डाव्या हाताने गिरवलेला नेम

लंडनपासून जवळच, सरे परगण्यात बिस्ली नावाचे गाव आहे. नेमबाजीची विस्तीर्ण मैदाने हीच या गावाची ओळख. दुसऱ्या महायुद्धानंतरचे पहिले ऑलिम्पिक १९४८ मध्ये लंडनला भरले, तेव्हा नेमबाजीच्या स्पर्धा याच मैदानांवर झाल्या. रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात अर्जेंटिनाचे कार्लोस एन्रिके दियाझ साएन्झ व्हालिएन्ते यांचे पारडे जड मानले जात होते. आदल्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ते विश्वविजेते झाले होते. स्पर्धेपूर्वी त्यांची गाठ हंगेरीच्या एका ३८ वर्षांच्या सैनिकाशी पडली. त्या सैनिकाचा उजवा हात दहा वर्षांपूर्वीच निकामी झाला होता. त्याला स्पर्धेच्या ठिकाणी पाहून दियाझ यांना आश्चर्य वाटले आणि लंडनला कसे काय येणे केले, अशी विचारणा त्यांनी केली. आपण शिकायला आलो आहोत, एवढेच उत्तर त्या सैनिकाने दिले.

हा सैनिक म्हणजे कारोली टाकाच. ऑलिम्पिकच्या इतिहासात त्यांचे नाव जिद्दीचे प्रतीक म्हणून घेतले जाते. भारतातही प्रेरणादायी भाषणांतून, पुस्तकांतून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून त्यांची कथा कॅरोली या नावाने सर्वदूर पोहोचली आहे. मात्र ही कथा सांगताना बहुतेक वेळा एक हात गेला आणि दुसऱ्या हाताने सुवर्णपदक मिळाले, एवढाच सारांश उरतो. प्रत्यक्षात टाकाच यांच्या वाटेत एक नव्हे, तीन अडथळे होते. पहिला लष्करी हुद्द्याचा, दुसरा गमावलेल्या हाताचा आणि तिसरा महायुद्धाचा. या तिघांपैकी हाताचा अडथळा सर्वांत भयंकर वाटतो. पण स्वतःच्या कष्टांनी दूर करता येण्याजोगा अडथळा तेवढाच होता आणि टाकाच यांनी तो सर्वांत लवकर दूर केला.

टाकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. त्या वेळी हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची एक राजधानी होते. ते दहा वर्षांचे होईपर्यंत साम्राज्य लयाला गेले होते. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर १९२० मध्ये झालेल्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा दोनतृतीयांशाहून अधिक प्रदेश तोडला आणि तिच्या लष्करावर ३५ हजार सैनिकांची मर्यादा घातली. अशा आक्रसलेल्या देशाच्या लष्करात टाकाच भरती झाले आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर साधारणपणे हवालदार.

लष्करातच त्यांच्यातील नेमबाज घडला. १९३६ पर्यंत पिस्तूल नेमबाजीत जगातील अव्वल खेळाडूंमध्ये त्यांची गणना होऊ लागली होती. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑलिम्पिक होते. टाकाच यांची निवड गुणवत्तेवर व्हायची तर कोणाला हरकत घेण्याचे कारण नव्हते. पण हंगेरीच्या लष्करात नियम वेगळा होता. ऑलिम्पिकच्या नेमबाजी संघात केवळ सनदी अधिकाऱ्यांनाच स्थान मिळत असे. सार्जंट हा अधिकारी नसल्याने टाकाच यांना संघाबाहेर राहावे लागले. बर्लिनमध्ये हंगेरीने विविध खेळांत दहा सुवर्णपदके जिंकली, पण त्यात नेमबाजीचे एकही नव्हते. रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्णपदक जर्मनीच्या कॉर्नेलियस फान ओयेन यांनी पटकावले.

बर्लिनच्या ऑलिम्पिकनंतर हंगेरीच्या लष्कराने हा नियम उठवला. पुढचे ऑलिम्पिक १९४० मध्ये टोकियोत होणार होते. तोपर्यंत टाकाच तिशीत पोहोचणार होते. पिस्तूल नेमबाजासाठी हे वय ऐन उमेदीचे. धावपटू किंवा जलतरणपटूप्रमाणे येथे वयाची घाई नसते. हात स्थिर आणि नजर शाबूत असेल तर नेमबाज चाळिशीतही पदक जिंकू शकतो. त्यामुळे चार वर्षांचा विलंब झाला, तरी संधी गेली असे मानण्याचे कारण नव्हते. हुद्द्याचा अडथळा त्यांच्या हातात नव्हता, तो वरूनच दूर झाला.

आणि १९३८ साल उजाडले. लष्करी प्रशिक्षण सुरू असताना एका सदोष हातबाँबचा टाकाच यांच्या उजव्या हातातच स्फोट झाला. ज्या हाताने त्यांनी पिस्तूल धरायला शिकले, त्याच हाताच्या चिंधड्या झाल्या. महिनाभर ते रुग्णालयात होते. नेमबाजीच्या दृष्टीने तो हात कायमचा गेला होता. लष्करातील त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी हे प्रकरण येथेच संपले असे धरून चालणे स्वाभाविक होते.

टाकाच यांनी मात्र रुग्णालयातून बाहेर पडल्यावर डाव्या हातात पिस्तूल घेतले आणि कोणालाही न सांगता सराव सुरू केला. या एका वाक्यामागे किती श्रम आहेत, हे समजण्यासाठी त्यांचा क्रीडाप्रकार आधी समजून घ्यायला हवा.

पिस्तूल नेमबाजीत शस्त्र एकाच हाताने धरावे लागते. दुसऱ्या हाताचा आधार नियमाने वर्ज्य. बरेच नेमबाज तो हात खिशात खोवतात किंवा पट्ट्यात अडकवतात. टाकाच रायफल नेमबाज असते तर त्यांची कारकीर्द खरोखरच संपली असती, कारण रायफल पेलायला दोन्ही हात लागतात. पिस्तुलाच्या नियमानेच त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवले होते. अर्थात, मॅगझिनमध्ये गोळ्या भरणे, ते पिस्तुलात बसवणे, खटका ओढणे ही दुसऱ्या हाताची कामे उरतातच. जखमी हाताने ती करणे हेसुद्धा नव्याने शिकण्याचेच काम.

रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात २५ मीटरवर पाच लक्ष्ये एका ओळीत असतात. टाकाच यांच्या काळात सुरुवातीला ती नेमबाजाच्या दिशेने आडवी, म्हणजे केवळ कड दिसेल अशी उभी असत. नेमबाज पिस्तूल धरलेला हात खाली ठेवून वाट पाहतो. तेव्हा लक्ष्ये एकदम त्याच्याकडे वळत आणि ठरावीक सेकंदांनी पुन्हा फिरत. तेवढ्या वेळात हात उचलून पाचही लक्ष्यांवर प्रत्येकी एक गोळी झाडायची. हा वेळ आधी आठ सेकंद, मग सहा आणि शेवटी चार सेकंद असा कमी होत जातो. चार सेकंदांच्या फेरीत हात वर आणून पहिली गोळी सुटेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद जातो. उरलेल्या चार गोळ्यांना अडीच सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. एकेका लक्ष्यासाठी जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. अशा ६० गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण, एकूण ६०० गुण.

इतक्या कमी वेळात विचार करायला अवसर नसतो. मूठ वळली की बोटे आपोआप आपल्या जागी बसली पाहिजेत, हात वर आला की नळीच्या टोकावरचा उंचवटा मागच्या खाचेत आपोआप दिसला पाहिजे. पिस्तुलाच्या या दोन नेमखुणांमध्ये साधारण वीस सेंटिमीटर अंतर धरले आणि त्यांची जुळणी एका मिलिमीटरने चुकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. मनगटाचा किंचित तिरकेपणासुद्धा गोळीला मध्यापासून पार दूर नेतो. ही अचूकता वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंत मुरते. आणि टाकाच यांच्या बाबतीत ती उजव्या हाताच्या स्नायूंत मुरली होती.

हात बदलला की केवळ हात बदलत नाही, सारे शरीर बदलावे लागते. उजव्या हाताचा नेमबाज उजवी बाजू लक्ष्याकडे करून उभा राहतो. डाव्या हाताने नेम धरायचा तर पावलांची दिशा, कंबरेचा कल, वजनाचा तोल, मानेचे वळण सारेच उलटे. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळहाताच्या घडणीप्रमाणे कोरलेली असते. उजव्या हातासाठी कोरलेली मूठ डाव्या हातात परकी वाटते, अंगठ्याला टेकायला जागा सापडत नाही. स्वयंचलित पिस्तुलांची रिकामी काडतुसे सहसा उजवीकडे फेकली जातात. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या ती बाजूने निघून जातात. डाव्या हाताच्या नेमबाजाच्या मात्र डोळ्यांसमोरून उडतात.

त्याहून अवघड भाग डोळ्यांचा आणि बोटाचा. माणसाच्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा प्रबळ असतो आणि बहुतेक उजव्या माणसांचा उजवा डोळाच प्रबळ असतो. पिस्तूल डाव्या हातात गेल्यावर डाव्या डोळ्याला नेम धरायला शिकवायचे, की मान वळवून उजव्याच डोळ्यावर विसंबायचे, याचा निर्णय करावा लागतो. चाप ओढण्याचे तर्जनीचे कौशल्य हे तर या खेळाचे मर्म. चाप झटक्याने ओढला तर उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी सहसा खाली डावीकडे जाते, डाव्या हाताच्या नेमबाजाची खाली उजवीकडे. म्हणजे जुन्या चुका ओळखण्याची आणि सुधारण्याची अंगवळणी पडलेली सवयही नव्या हाताला उपयोगाची नाही. उलट तीच आड येते.

लिहिणाऱ्या माणसाला एके दिवशी दुसऱ्या हाताने अक्षर गिरवायला बसवले तर काय होईल, याची कल्पना कोणीही करू शकतो. अक्षर कसे असावे हे डोक्याला पक्के माहीत असते, पण हात ते ऐकत नाही. पाटीवर बाराखडी काढणाऱ्या मुलापेक्षा अशा माणसाचे दुःख मोठे असते. मुलाला आपले अक्षर वाईट आहे हे कळत नाही, या माणसाला ते क्षणोक्षणी कळत असते. देशातील अव्वल नेमबाज म्हणून ओळख असलेल्या टाकाच यांनी हे दुःख पत्करले. लक्ष्याच्या कागदावर विखुरलेल्या गोळ्या पाहणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभे राहणे हा त्यांचा दिनक्रम झाला. सराव गुप्त ठेवण्यात आणखी एक लाभ होता. नवशिक्याच्या चुकांना साक्षीदार नव्हते. दया दाखवायला किंवा समजूत घालायला कोणी नव्हते. फक्त कागद आणि त्यावरची छिद्रे.

त्याच काळात बुडापेस्टमध्ये आणखी एका खेळाडूचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. वॉटरपोलोपटू ओलिव्हेर हालाशी यांचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता. तरीही १९३२ आणि १९३६ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ते हंगेरीच्या सुवर्णविजेत्या संघात खेळले. त्याही आधी, १९०४ मध्ये अमेरिकेचे जॉर्ज आयसर यांनी लाकडी पायानिशी जिम्नॅस्टिक्समध्ये पदके मिळवली होती. शारीरिक अपंगत्व घेऊन ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या ज्ञात खेळाडूंत टाकाच हे या दोघांनंतरचे तिसरे ठरले.

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल अजिंक्यपद स्पर्धा भरली. टाकाच तेथे आले तेव्हा जुने सहकारी त्यांच्याभोवती जमले. अपघाताबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि एवढे होऊनही स्पर्धा पाहायला आल्याबद्दल त्यांचे आभार मानले. आपण पाहायला नव्हे, भाग घ्यायला आलो आहोत, असे टाकाच यांनी त्यांना सांगितले. त्यांनी डाव्या हातात पिस्तूल धरले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे स्वयंचलित पिस्तूल प्रकारात विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

टाकाच यांची कथा सांगताना नेमका हाच टप्पा बहुधा निसटतो. अपघात १९३८ चा आणि पुनरागमन १९३९ चे. हाताने त्यांच्याकडून जेमतेम वर्षभराचा काळ मागितला. १९३९ च्या अखेरीस टाकाच केवळ बरे झालेले सैनिक नव्हते, तर राष्ट्रीय विजेते आणि विश्वविजेत्या संघाचे सदस्य होते. ऑलिम्पिकसाठी ते सज्ज होते. सज्ज नव्हते ते जग.

१९४० चे ऑलिम्पिक जपानने चीनशी सुरू असलेल्या युद्धामुळे १९३८ मध्येच परत केले होते. त्यानंतर ते हेलसिंकीकडे सोपवण्यात आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि हेलसिंकीचाही बेत रद्द झाला. १९४४ चे ऑलिम्पिक लंडनला होणार होते, तेही झाले नाही. हंगेरी १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. १९४४ च्या अखेरीस सोव्हिएत फौजांनी बुडापेस्टला वेढा घातला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो संपला तेव्हा डॅन्यूबवरचे सगळे पूल पाण्यात कोसळले होते आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. कित्येक खेळाडूंच्या उमेदीची वर्षे या युद्धाने गिळली. टाकाच यांची तिशी ते अडतिशी हा काळ असाच गेला.

हात गमावल्यावर निदान काय करायचे हे ठरवता येत होते. युद्ध मात्र सरावाने संपत नाही. अशा वेळी मिळवलेले कौशल्य टिकवून धरणे एवढेच खेळाडूच्या हाती असते. टाकाच यांनी ते टिकवले. नऊ वर्षांनंतर बिस्लीच्या मैदानावर ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचे वय नेमबाजीच्या हिशेबात दहा वर्षांचे झाले होते.

लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचे स्वरूपही बदललेले होते. बर्लिनमध्ये मानवाकृतीला गोळी लागली की नाही एवढेच मोजले जात होते. लंडनमध्ये आकृतीच्या कोणत्या भागात गोळी लागली त्यानुसार गुण दिले गेले. तीस-तीस गोळ्यांच्या दोन फेऱ्या होत्या. वेग आणि अचूकता या दोहोंचा कस लागेल अशी ही परीक्षा होती. टाकाच यांनी ६०० पैकी ५८० गुण मिळवले. साठ गोळ्यांत मिळून अवघे वीस गुण त्यांनी गमावले. हा नवा जागतिक विक्रम होता. विश्वविजेते दियाझ ५७१ गुणांवर राहिले. नऊ गुणांचे हे अंतर या खेळात मोठे मानले जाते.

विजयमंचावर दियाझ यांनी टाकाच यांच्याकडे वळून, तुमचे शिकणे आता पुरेसे झाले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो. स्पर्धेपूर्वीचे टाकाच यांचे उत्तर त्यामुळे हजरजबाबीपणाचे वाटू लागते. पण दहा वर्षांपूर्वी ज्याला आपल्या विद्येची बाराखडी पुन्हा गिरवावी लागली होती, त्याने शिकायला आलो आहे असे म्हणण्यात विनयाइतकीच वस्तुस्थितीही होती. डाव्या हाताने नेम धरताना त्यांच्यासाठी प्रत्येक स्पर्धा हा शिक्षणाचाच पुढचा धडा होता.

त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये दुसरी एक घटना घडत होती. लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन २९ जुलै १९४८ रोजी झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमन यांनी मेरुदंडाला इजा झालेल्या १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. चाकाच्या खुर्चीत बसून झालेली ही छोटी स्पर्धा म्हणजे पुढच्या पॅरालिम्पिक चळवळीचे बीज होते. १९६० मध्ये रोममध्ये पहिले पॅरालिम्पिक भरले. टाकाच यांच्या काळात मात्र अपंग खेळाडूसाठी स्वतंत्र स्पर्धा नव्हती, वेगळा गट नव्हता, कोणतीही सवलत नव्हती. सर्वांसाठी जे चार सेकंद होते, तेच त्यांच्यासाठी होते.

चार वर्षांनी हेलसिंकीत टाकाच पुन्हा उतरले. वय ४२. या वेळी ते कोणाला अनपेक्षित नव्हते. गतविजेत्यावर असणारे अपेक्षांचे ओझे त्यांच्यावर होते आणि आव्हान घरातूनच आले होते. हंगेरीचा अवघ्या १७ वर्षांचा सिलार्ड कुन त्यांच्याशी बरोबरीने लढत होता. हा मुलगा टाकाच यांच्याच तालमीत तयार झालेला. अखेरीस टाकाच यांचे ५७९ गुण झाले आणि कुनचे ५७८. एका गुणाने गुरूने सुवर्ण राखले, शिष्याला रौप्य मिळाले. रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ऑलिम्पिक विजेतेपद राखणारे टाकाच हे पहिले नेमबाज ठरले. स्वतः उजव्या हाताने शिकून, मग डाव्या हाताने पुन्हा शिकलेल्या माणसाला दुसऱ्याला शिकवताना काय लाभ झाला असेल, हे त्या एका गुणाच्या अंतरातून दिसते. आपले कौशल्य कोणत्या छोट्या-छोट्या क्रियांनी बनले आहे, हे बहुतेक निष्णात खेळाडूंना सांगता येत नाही, कारण ते सारे नकळत घडलेले असते. टाकाच यांना ते प्रौढपणी, जाणीवपूर्वक, एकेक करून जुळवावे लागले होते.

लंडन आणि हेलसिंकी ही दोन ऑलिम्पिक मराठी वाचकांच्याही जिव्हाळ्याची आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहाव्या क्रमांकावर राहिले होते आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. ज्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा आखाड्यात झुंजले, त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याच शहरातील माल्मीच्या नेमबाजी मैदानावर टाकाच यांनी आपले पद राखले.

१९५६ मध्ये मेलबर्नला जाताना हंगेरीच्या खेळाडूंच्या मनावर वेगळेच ओझे होते. ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच ऑलिम्पिक सुरू झाले. ४६ वर्षांचे टाकाच आठव्या क्रमांकावर राहिले. तिसरे सुवर्ण मिळाले नाही. स्पर्धेनंतर हंगेरीचे अनेक खेळाडू मायदेशी परतले नाहीत. टाकाच यांचे उर्वरित आयुष्य मात्र हंगेरीतच गेले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी पुढच्या पिढीला घडवले. राष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी एकूण ३५ विजेतेपदे मिळवली. हुद्दा अपुरा म्हणून एकेकाळी संघाबाहेर ठेवलेला हा सार्जंट लेफ्टनंट कर्नल म्हणून लष्करातून निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी, वयाची ६६ वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ऑलिम्पिक वीरांच्या यादीत त्यांचा समावेश केला आहे.

त्यांच्यानंतर पोलंडचे युझेफ झापेंड्स्की यांनी १९६८ आणि १९७२ मध्ये, तर जर्मनीचे राल्फ शुमान यांनी १९९२ आणि १९९६ मध्ये याच प्रकारात लागोपाठ सुवर्ण जिंकले. शुमान यांनी २००४ मध्ये तिसरेही मिळवले. २०१२ मध्ये ऑलिम्पिक पुन्हा लंडनला आले, तेव्हा २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचे रौप्यपदक भारताच्या विजयकुमार यांनी पटकावले. ते भारतीय लष्करात सुभेदार होते. ज्या क्रीडाप्रकारात ७६ वर्षांपूर्वी एका सार्जंटला हुद्द्यामुळे घरी बसावे लागले होते, त्याच प्रकारात एका सुभेदाराच्या गळ्यात पदक पडले. टाकाच यांच्या वाटेतील पहिला अडथळा किती निरर्थक होता, हे यावरून लक्षात येते.

टाकाच यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर हुद्द्याने त्यांचे एक ऑलिम्पिक हिरावले, युद्धाने दोन. हातबाँबने एकही हिरावले नाही. जे इतरांच्या हाती होते, त्याची त्यांनी वाट पाहिली. जे स्वतःच्या हाती होते, त्याची वाट पाहिली नाही. उजव्या हातात मुरलेली वर्षानुवर्षांची विद्या बाजूला ठेवून, अडाण्यासारख्या वागणाऱ्या डाव्या हाताची संगत धरणे हे त्यांचे खरे धाडस होते. ऑलिम्पिकचे विजयमंच त्यानंतर आले. त्या धाडसाची पहिली कसोटी बिस्लीला किंवा हेलसिंकीला लागली नव्हती. ती लागली होती १९३८ साली, कोणी पाहत नसताना, डाव्या हाताने झाडलेली पहिली गोळी लक्ष्यापासून दूर गेली आणि त्यांनी पुन्हा हात उचलला तेव्हा.